मागचा राउटर

पुण्यातल्या बऱ्याच फ्लॅटमध्ये आता दोन राउटर असतात. पहिला, फायबर जोडायला आलेला मुलगा दाराजवळ, चपलांच्या कपाटावर किंवा टीव्हीच्या मागे बसवून जातो. तो कंपनीचा. काचेची तार त्यातच येते, लँडलाइन त्यालाच लागते, वायफायही त्याचंच. थोड्याच दिवसांत कळतं की आतल्या खोलीत रेंज पोचत नाही. मधे आरसीसीचा कॉलम, लोखंडी कपाट, बाथरूमच्या टाइल्स. मग घरातलं कुणीतरी दुसरा राउटर आणतं, पहिल्याच्या लॅन पोर्टमधून केबल ओढून दुसऱ्याच्या वॅन पोर्टमध्ये खोचतं, मोबाइलवरच्या ॲपमध्ये दोन-चारदा ‘नेक्स्ट’ दाबतं आणि आतल्या खोलीत नेट सुरू होतं. त्या दिवसानंतर त्या दुसऱ्या राउटरकडे कुणी वळून बघत नाही.

माझं काम अशाच घरांमधलं. कोथरूड, कर्वेनगर, वारजे हा माझा रोजचा पट्टा. नेटवर्क बसवणं, दुरुस्त करणं, सांभाळणं. बोलावणं येतं ते प्रिंटरसाठी, सीसीटीव्हीसाठी, ‘मीटिंगमध्ये आवाज तुटतो’ म्हणून. पण घरात शिरल्यावर मी आधी दोन्ही राउटर शोधतो आणि मागच्याचं, म्हणजे घरच्यांनी आणलेल्याचं, फर्मवेअर (त्याला चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) किती जुनं आहे ते बघतो. हे काम कुणी मला सांगितलेलं नसतं. त्याचे वेगळे पैसे मी मागत नाही. तरी ते केल्याशिवाय मला त्या घरातून निघवत नाही.

कारण सरळ आहे. पुढच्या राउटरची काळजी वाहणारं कुणीतरी आहे. टीआर-०६९ नावाची पद्धत २००४ पासून वापरात आहे. तिच्यातून इंटरनेट कंपनी आपल्या कचेरीत बसून ग्राहकाच्या घरातल्या डब्याच्या सेटिंग बदलू शकते, त्यात नवं फर्मवेअर घालू शकते. ग्राहकाला पत्ताही लागत नाही, फार तर रात्री नेट पाच मिनिटं गेल्यासारखं वाटतं. मागचा राउटर तुम्ही विकत घेतलेला. त्याच्यावर इंटरनेट कंपनीचा हक्क नाही, म्हणून जबाबदारीही नाही. बनवणाऱ्या कंपनीनं नवं फर्मवेअर आपल्या संकेतस्थळावर ठेवलेलं असतं, आणि तिथपर्यंत जाणं हे मालकाचं काम. मालकाला मात्र वाटत असतं की नेटवाले सगळं बघतात.

त्याच्या जोडीला आणखी एक समजूत असते, आणि ती चांगली शिकलेली, कॉम्प्युटरच्या धंद्यातली माणसंही मला ऐकवतात: ‘अहो, तो तर मागे आहे, बाहेरून त्याच्यापर्यंत कोण पोचणार?’ यात अर्धं खरं आहे. पुढचा राउटर पत्त्यांची अदलाबदल करतो, त्यामुळे बाहेरच्यानं आपणहून ठोठावलेलं मागच्याच्या दारापर्यंत जात नाही. पण हल्ला बाहेरूनच यायला हवा असं कुठे आहे? २०१६ च्या अखेरीस कॅस्परस्कीच्या संशोधकांनी ‘स्विचर’ नावाचा अँड्रॉइडवरचा ट्रोजन उजेडात आणला. तो फोनमध्ये शिरला की फोन ज्या वायफायला जोडलेला आहे त्या राउटरच्या ॲडमिन पानावर जाऊन नेहमीचे पासवर्ड एकामागून एक घालून बघायचा आणि दार उघडलं की डीएनएसचे पत्ते बदलायचा. म्हणजे तुम्ही बँकेचं नाव टाइप करायचं आणि जायचं कुठे ते चोरानं ठरवायचं. त्या फोनला कुठला राउटर पुढे आणि कुठला मागे याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. तो घरातच होता, आणि घरातला फोन मागच्याच राउटरला जोडलेला असतो. मे २०२१ मध्ये बेल्जियन संशोधक मॅथी व्हॅनहूफ यांनी ‘फ्रॅगअटॅक्स’ या नावानं वायफायमधल्या चुकांचा एक गठ्ठाच मांडला. त्यांतल्या काही वायफायच्या मूळ रचनेतल्या, म्हणजे १९९७ पासूनच्या. त्यांचा गैरफायदा घ्यायला माणूस रेंजमध्ये असला की पुरे, शेजारच्या जिन्यात उभा असला तरी चालतो. आतल्या खोलीत, अभ्यासाच्या टेबलावर, गादीवर रेडिओलहरी सोडतो तो मागचाच राउटर. मग दुरुस्ती कुणाला आधी हवी?

कर्वेनगरमधल्या एका घरात हे सगळं एकदम पाहायला मिळालं, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. काका बँकेतून निवृत्त झालेले, काकू झूमवर संस्कृतचे वर्ग घेतात. मुलगा न्यू जर्सीत. त्यानं एका दिवाळीत येताना चांगला महागाचा राउटर आणला होता, आईच्या वर्गात व्यत्यय नको म्हणून. मला बोलावलं होतं प्रिंटरसाठी. प्रिंटरचं काम लगेच झालं. मग मी काकांना विचारलं, “मुलानं आणलेल्या राउटरचं फर्मवेअर कधी बदललंय?”

“मी दर महिन्याला बघतो ना,” काका म्हणाले. ते शिस्तीचे. वहीत पत्ता लिहून ठेवलेला, १९२.१६८.१.१, खाली पासवर्ड. त्यांनी लॅपटॉपवर तो पत्ता टाकला, पान उघडलं, आणि तिथे अपडेटचा पर्यायच नव्हता. “हे बघ, म्हणजे सगळं अद्ययावत आहे.”

ते पान कंपनीच्या, दाराजवळच्या डब्याचं होतं. मुलाच्या राउटरचं पान त्यांनी कधी पाहिलेलंच नव्हतं. यात त्यांचा काय दोष? कारखान्यातून निघताना बहुतेक राउटर स्वतःला १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ म्हणवून घेतात. खासगी जाळ्यांसाठी पत्त्यांचे तीन पट्टे फेब्रुवारी १९९६ मध्ये राखून ठेवले गेले, त्यातला १९२.१६८ हा पट्टा घराघरांत पोचला. दोन राउटर एकामागे एक लावले आणि दोघांचाही पत्ता तोच निघाला, तर हल्लीचा मागचा राउटर गुपचूप आपला पत्ता बदलून घेतो. कुणाला सांगत नाही. वहीतला पत्ता मग पुढच्याचाच उरतो.

अशा वेळी मी अंदाज बांधत नाही, बघतो. लॅपटॉप मागच्या राउटरला जोडायचा आणि काळ्या खिडकीत ‘ट्रेसर्ट’ चालवायचं. बाहेर जाताना वाटेत लागणारे राउटर ते ओळीनं दाखवतं. काकांच्या घरी पहिली ओळ आली १९२.१६८.०.१, हा मुलाचा राउटर. दुसरी १९२.१६८.१.१, हा कंपनीचा. तिसरी १००.६४ नं सुरू होणारी. काकांनी चष्मा सारून विचारलं, “हा तिसरा कोण?” हा तिसरा कंपनीच्या केंद्रातला. जगातल्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचे शेवटचे पाच गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. तेव्हापासून टंचाई आहे, म्हणून एकेका सार्वजनिक पत्त्यामागे कंपन्या अनेक घरं बसवतात, आणि त्या मधल्या पातळीसाठी १००.६४ पासूनचा पट्टा २०१२ मध्ये वेगळा काढून ठेवला गेला. काकांना हे ऐकून समाधान वाटलं. बँकेत खात्याला उपखाती असतात तसं, असं ते स्वतःशी म्हणालेही.

‘ट्रेसर्ट’ची सवय नसलेल्यांना मी आणखी एक खूण सांगतो. राउटरला पिंग केल्यावर उत्तराच्या शेवटी टीटीएल लिहिलेला असतो. घरगुती राउटर बहुधा लिनक्सवर चालतात आणि ६४ नं सुरुवात करतात. ६४ दिसला तर तो राउटर तुमच्या लगतचा. ६३ दिसला तर मधे एक राउटर उभा आहे, त्यानं जाता जाता एक वजा केला. एवढ्याशा आकड्यावरून घराचा नकाशा कळतो.

मुलाच्या राउटरमधलं फर्मवेअर २०१९ चं निघालं. काकू तोवर चहा घेऊन आल्या होत्या. “अरे, चालतंय ना व्यवस्थित? मग चालत्याला हात कशाला लावायचा? माझा उद्या वर्ग आहे.”

हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरात विचारला जातो आणि तो मूर्खपणाचा नाही. चालत्याला हात लावून बिघडवणारे तंत्रज्ञ लोकांनी पाहिलेले असतात. मी काकूंना म्हटलं, “काकू, गॅसची नारिंगी नळी पाच वर्षं झाली की आपण बदलतो. तेव्हा शेगडी पेटत असतेच की.” काकूंनी काकांकडे पाहिलं, काकांनी मान हलवली. परवानगी मिळाली.

राउटरच्या पानावर ‘अपडेट तपासा’ हे बटण होतं. दाबलं, तर उत्तर आलं की आवृत्ती सर्वांत नवी आहे. २०१९ ची! असं उत्तर आलं की मी आधी राउटरमधलं घड्याळ बघतो. घरगुती राउटरमध्ये घड्याळाला सेल नसतो. लाइट गेली की तारीख जाते. परत चालू झाल्यावर तो नेटवरून वेळ विचारून घेतो. दोन राउटरांच्या घरात अडचण अशी की मागचा लवकर उठतो आणि पुढच्याला फायबरवर ओळख पटवून घ्यायला त्याच्याहून जास्त वेळ लागतो. मागच्यानं विचारलं तेव्हा नेटच नव्हतं, आणि काही मॉडेल त्यानंतर बराच वेळ पुन्हा विचारत नाहीत. तारीख चुकीची असली की कंपनीच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र त्याला खोटं वाटतं, जोडणी होत नाही, आणि पडद्यावर दिसतं की नवं काही नाही. काकांच्या राउटरमध्ये तारीख २०१९ च्याच एका महिन्यात अडकलेली होती. ती दुरुस्त केली, बटण पुन्हा दाबलं, आणि नवी आवृत्ती दिसली. दुसऱ्या राउटरमागे असण्याचा अपडेटला अडथळा येत नाही, हे मी आग्रहानं सांगतो. मागच्यानं आतून बाहेर मागितलेली गोष्ट पुढचा बिनतक्रार आणून देतो. अडतं ते अशा लहानसहान ठिकाणी.

तरी मी बटणावरून अपडेट केलं नाही. एवढी जुनी आवृत्ती असली की मधल्या आवृत्त्यांमध्ये काय बदललं ते आधी वाचायचं असतं. काही मॉडेलना थेट शेवटच्या आवृत्तीवर उडी घेता येत नाही, वाटेत एक मधली आवृत्ती घालावी लागते, आणि ती सूचना कंपनीच्या पानावर बारीक अक्षरात असते. शिवाय हा अमेरिकेत विकलेला राउटर. तिथल्या आणि इथल्या डब्यावर नाव तेच असतं, चेहरा तोच असतो, पण आतलं फर्मवेअर देशाप्रमाणे वेगळं असू शकतं. वायफायची कुठली चॅनेल वापरायची याचे नियम प्रत्येक देशाचे निराळे, २.४ गिगाहर्ट्झमध्ये अमेरिकेतले राउटर ११ व्या चॅनेलवर थांबतात, आपल्याकडे १३ पर्यंत जाता येतं. भारतीय संकेतस्थळावरून फाइल घेतली तर हा राउटर ती नाकारण्याची शक्यता जास्त, आणि स्वीकारली तर त्याहून वाईट. म्हणून डबा उलटा केला, खालच्या लेबलचा फोटो काढला. मॉडेल, त्याच्याखाली हार्डवेअरचं व्हर्जन. हे दुसरं लोक वाचतच नाहीत. एकाच नावाच्या राउटरच्या व्हर्जन १ आणि व्हर्जन ३ मध्ये चिपसेटसुद्धा निराळा असू शकतो. अमेरिकेच्या पानावरून त्या व्हर्जनची फाइल उतरवली, झिप उघडून आतली ‘बिन’ फाइल बाहेर काढली. झिपच राउटरला देऊन ‘घेत नाही’ म्हणणारे फोन मला येतात.

मग वीज. आमच्याकडे गुरुवार आणि महावितरणची दुरुस्तीची कामं यांचं जुनं नातं आहे, त्यामुळे गुरुवारी मी फर्मवेअरला हात लावत नाही. त्या दिवशी शनिवार होता, पण काकांच्या घरात मला दुसरीच भीती दिसली. अमेरिकेचा अडॅप्टर चपट्या दोन पिनांचा, तो एका कन्व्हर्टरमध्ये खोचलेला, आणि कन्व्हर्टर भिंतीवरच्या बोर्डात सैल. बोटानं जरासा हलवला की राउटरचे दिवे मिचकायचे. फर्मवेअर लिहिलं जात असताना हे होणं परवडत नाही. फ्लॅश मेमरीवर लिहायच्या आधी तिथलं जुनं पुसावं लागतं, तुकड्या-तुकड्यानं. पुसलं आहे आणि लिहिलेलं नाही अशा क्षणी वीज गेली की राउटरला उठायला काही उरत नाही. माझ्या पिशवीत १२ व्होल्टचा छोटा यूपीएस असतो. अडॅप्टरवरचे आकडे आणि पिनचं धन-ऋण जुळवून बघितलं, राउटर त्यावर घेतला.

आता हे इथे लिहितोय ते विशेषतः दोन राउटरांच्या घरासाठी. लॅपटॉपचं वायफाय बंद करा. नुसतं दुसऱ्या वायफायवरून सुटं करून भागत नाही, पार बंद. कारण अपडेटच्या शेवटी मागचा राउटर रीस्टार्ट होतो, त्याचं वायफाय नाहीसं होतं, आणि लॅपटॉपला पुढच्या राउटरचं वायफाय ओळखीचं असतं, तो आपणहून तिकडे जाऊन बसतो. कित्येक घरांत तर दोन्हींना एकच नाव दिलेलं असतं. माणूस पान पुन्हा उघडतो, समोर येतं पुढच्याचं पान, त्याला वाटतं अपडेट बिघडलं किंवा सगळ्या सेटिंग गेल्या, आणि घाबरून तो रिसेटच्या भोकात टाचणी घालतो. राउटर तेव्हा आत लिहीत असतो. माझ्याकडे ‘डेड’ म्हणून येणाऱ्या राउटरांपैकी बरेचसे असेच मेलेले असतात. म्हणून केबल, मागच्या राउटरच्या लॅन पोर्टला, आणि वायफाय बंद.

फाइल दिली. पट्टी सरकू लागली. बाजूच्या खिडकीत मी पिंग चालू ठेवलं होतं. काका खुर्ची ओढून शेजारी बसले. पट्टी शंभरावर गेली, पिंगची उत्तरं थांबली, ‘पोचता येत नाही’ अशा ओळी एकाखाली एक यायला लागल्या. राउटरवरचे सगळे दिवे गेले, मग एकच लुकलुकायला लागला. “गेला का?” काकूंनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं. नाही म्हणालो, तो नव्या रूपात स्वतःला उलगडून घेतोय. या वेळात करण्यासारखं एकच असतं, काहीही न करणं, आणि माझ्या अनुभवानं घरच्या माणसांना तेच सर्वांत अवघड जातं. थोड्या वेळानं एक उत्तर आलं, मग परत दोन ओळी रिकाम्या, आणि मग उत्तरांची सरळ रांग लागली. टीटीएल ६४. पान उघडलं, आवृत्ती नवी, तारीख बरोबर.

इथे काम संपलं असं मी धरत नाही. सेटिंग टिकल्या आहेत का ते एकेक करून बघायचं. नव्या फर्मवेअरमध्ये वायफायच्या सुरक्षेचा डब्ल्यूपीए३ हा पर्याय आला होता. तो एकटा निवडला असता तर जुना प्रिंटर पुन्हा रुसला असता. म्हणून जुना-नवा दोन्ही चालणारा मिश्र पर्याय ठेवला. ॲडमिनचा पासवर्ड बदलला आणि काकांच्या वहीत लिहायला सांगितलं, या वेळी दोन्ही राउटरांची वेगवेगळी पानं करून. बॅकअपची फाइल मी अपडेटच्या आधी घेतोच, पण तिच्यावर विसंबत नाही, नवी आवृत्ती जुनी फाइल घेईलच असं नाही. प्रत्येक सेटिंगच्या पानाचे फोटो काढून ठेवतो. ते कधी धोका देत नाहीत.

सेटिंग टिकल्या नाहीत तर काय होतं ते वारज्यातल्या एका कोचिंग क्लासमध्ये पाहिलं. तिथे मागचा राउटर वेगळ्या पद्धतीनं जोडलेला होता. केबल वॅन पोर्टमध्ये नाही, लॅनमधून लॅनमध्ये. त्याचं पत्ते वाटायचं काम, म्हणजे डीएचसीपी, बंद करून त्याला नुसता वायफाय पसरवायला ठेवलेला. व्यवस्था चांगली, मीही ती वापरतो. क्लासमधल्या एका हुशार मुलानं ॲपवरून त्याला अपडेट दिलं. अपडेट नीट झालं, पण राउटर कोऱ्या अवस्थेत परतला. कोरा राउटर पत्ते वाटू लागतो, तो त्याचा धर्म. आता एकाच जाळ्यात पत्ते वाटणारे दोघे. फोननं ‘मला पत्ता द्या’ अशी हाक मारली की ज्याचं उत्तर आधी, त्याचं तो ऐकणार. ज्यांना पुढच्यानं १९२.१६८.१ चा पत्ता दिला त्यांचं नेट चालू. ज्यांना मागच्यानं १९२.१६८.० चा दिला त्यांना नेट नाही, कारण मागच्याच्या वॅन पोर्टमध्ये केबलच नाही, तो त्यांना नेणार कुठे? एका बाकावरच्या दोन मुलांपैकी एकाचं चालतंय, एकाचं नाही. दुपारी चालणारं संध्याकाळी बंद. सरांनी इंटरनेट कंपनीला बोलावलं, त्यांच्या माणसानं पुढचा डबा बदलून दिला. फरक पडणार नव्हता, पडला नाही. दोष मागे होता आणि सगळे पुढे शोधत होते.

मी बंद पडलेल्या आणि चालू असलेल्या अशा दोन फोनचे पत्ते शेजारी शेजारी लिहिले, गेटवे निराळे दिसले, आणि दोन राउटरांमधली केबल उपटली. दोन मिनिटांत पुढच्या राउटरवरचे सगळे फोन सुरळीत झाले. मग मागच्याला एकट्याला लॅपटॉपवर घेऊन डीएचसीपी बंद केलं, पत्ता पुढच्याच्या पट्ट्यातला दिला, आणि मगच केबल परत लावली. लॅन-टू-लॅन जोडलेल्या राउटरला फर्मवेअर मारताना ही केबल आधी काढायची आणि सेटिंग बघूनच लावायची, हे मी तिथल्या मुलांना फळ्यावर आकृती काढून दाखवलं. त्यांनी प्रश्न चांगले विचारले. खरं तर शाळेत हे शिकवलं जायला हवं. घराघरात असलेली वस्तू आहे ही.

सगळ्यांत वाईट वाटतं ते जिथे द्यायला फर्मवेअरच नसतं तिथे. मॉडेलचं पान उघडलं की वर पट्टी: या उत्पादनाचा आधार संपला आहे. राउटर ठणठणीत, अडॅप्टर नवा, रेंज उत्तम, आणि मला त्या घराला सांगावं लागतं की हा आता वापरू नका. लोकांना मी दुकानाचं कमिशन घेतो असं वाटतं, ते साहजिक आहे. काही राउटरना ओपनडब्ल्यूआरटी या खुल्या फर्मवेअरनं नवं आयुष्य मिळतं. २००३ मध्ये लिंक्सिसला आपल्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरचं लिनक्सवर आधारलेलं फर्मवेअर खुलं करावं लागलं, आणि त्याच्यावर जगभरच्या स्वयंसेवकांनी २००४ पासून हा प्रकल्प उभा केला. बनवणाऱ्या कंपनीनं सोडून दिलेल्या कितीतरी राउटरना त्यांच्यामुळे आजही सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, आणि त्या लोकांविषयी माझ्या मनात फार आदर आहे. पण ज्यात ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम आहे अशा जुन्या स्वस्त डब्यांत नव्या आवृत्त्या मावत नाहीत, आणि आपल्याकडच्या घरांत नेमके तेच जास्त आहेत.

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कायदा लागू झाला आहे: नेटला जोडली जाणारी घरगुती वस्तू विकताना तिला सुरक्षेची अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील ते सांगावंच लागतं, आणि सहज ओळखता येईल असा एकसारखा पासवर्ड घालून ती विकता येत नाही. मला आपल्याकडे एवढंच हवं आहे, आणि ते खोक्यावर, किमतीच्या शेजारी, मराठीतसुद्धा. ग्राहक आज अँटेना मोजून राउटर घेतो. त्याला तारीख दिसली तर तो तारीख बघेल. लोक औषधावरची बघतात, दुधाच्या पिशवीवरची बघतात.

त्या कर्वेनगरच्या घरातून पुढे न्यू जर्सीच्या मुलाचा फोन आला. पुढच्या वेळी येताना आणखी नवा राउटर आणू का, विचारत होता. मी म्हटलं, आणूच नकोस. इथला घेऊ, इथल्या पिनचा, इथल्या फर्मवेअरचा. तू तिथून फक्त त्या मॉडेलला अपडेट किती वर्षं मिळतात ते शोधून दे, ते काम तुला माझ्यापेक्षा चांगलं जमेल. तो खूश झाला. काका तर आता स्वतःच बघतात, मागच्याचं पान उघडून, आवृत्ती आणि तारीख दोन्ही वहीत लिहून. मध्यंतरी त्यांचा फोन आला तो खालच्या मजल्यावरून.

“इथेही दोन आहेत रे. मागच्याचं २०२० चं दिसतंय. करून टाकू का मी?”

“करा काका, पण आधी खालच्या लेबलचा फोटो पाठवा. फाइल मी बघतो, मग हात लावा. आणि आज गुरुवार आहे, उद्या करू.”